कादंबरी जेथे थांबते तेथून पुढे : महाराणी येसूबाई

ऐतिहासिक कादंबरी हा मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याचा वाङ्मयप्रकार आहे, हे कोणी नव्याने सांगावयास नको. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’त प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हापासून हा ओघ अखंड चालू आहे. हरिभाऊ आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभच मुळी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहून केला, ही गोष्ट कर्नाटकात स्थायिक झालेल्या आपणांस कौतुकाची वाटावी. पुढे नाथमाधव, रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत, विश्वास पाटील अशी थोर परंपरा निर्माण झाली. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांत तर या कादंबऱ्यांनी निराळेच काम केले आहे. ज्या मुलांची शाळा इंग्रजी आणि खेळगड्यांची भाषा कन्नड, त्या मुलांना रायगड, पुरंदर, शनिवारवाडा ही नावे प्रथम ओळखीची झाली ती याच पुस्तकांमुळे. म्हणूनच या कादंबऱ्या काय सांगतात याबरोबर त्या काय सांगावयाचे सोडतात, याचाही विचार मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात करावा, असे आम्हांस वाटले.

नायकाचा अंत झाला की कथेवर पडदा पडतो, अशी आपल्या ऐतिहासिक कादंबरीची एक रूढ रीत आहे. १९६२ सालच्या ‘स्वामी’चा शेवट थेऊरला होतो. १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. तेथे कथेला पुढे जाण्यास वावच नव्हता. परंतु जेथे वाव होता तेथेही आपण थांबलो. १९७९ साली आलेली ‘छावा’ आणि २००५ साली आलेली ‘संभाजी’ या दोन्ही कादंबऱ्या छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानापाशी विराम पावतात. ‘छावा’वरून निघालेला हिंदी चित्रपट २०२५ साली देशभर गाजला, त्याचीही परिणती त्याच प्रसंगात होते. नायक संभाजी महाराज असल्यामुळे त्यात लेखकांचा काही दोष आहे असे नाही. परंतु ११ मार्च १६८९ या दिवशी ज्या स्त्रीच्या आयुष्यावर वीज कोसळली, तिची कथा त्या दिवशी संपली नाही. खरे म्हणजे ती त्या दिवशी सुरू झाली. पुढे चाळीस वर्षे त्या जगल्या आणि त्यांतली सुमारे तीस वर्षे त्यांनी शत्रूच्या कैदेत काढली. त्या चाळीस वर्षांकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांच्या कन्या. त्यांचे बंधू गणोजी यांना शिवाजी महाराजांची कन्या राजकुंवरबाई दिलेली होती. म्हणजे भोसले आणि शिर्के यांचे नाते दुहेरी होते. शिवछत्रपतींच्या घरात सून म्हणून आलेल्या या मुलीने १६७४ चा राज्याभिषेक पाहिला, १६८० सालचे महाराजांचे निधन पाहिले, त्यानंतरची राजगृहातील फूटही पाहिली. जानेवारी १६८१ मध्ये संभाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. ते मोहिमांवर असताना कारभार पाहण्याचा अधिकार येसूबाईंना होता आणि त्यासाठी त्यांच्या नावाची स्वतंत्र मुद्रा होती. ‘श्री सखी राज्ञी जयति’ ही ती मुद्रा. पत्नीला ‘सखी’ आणि ‘राज्ञी’ या दोन्ही शब्दांनी एकाच मुद्रेत गौरवावे, हे त्या काळच्या मानाने असामान्यच म्हटले पाहिजे. १८ मे १६८२ रोजी माणगावजवळील गांगवली येथे त्यांना पुत्र झाला. हेच पुढचे शाहू महाराज.

१६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वर येथे संभाजी महाराज पकडले गेले. रायगडावर त्या वेळी काय परिस्थिती असेल याची कल्पना करावी. राजा शत्रूच्या हाती, राजपुत्र अवघा सात वर्षांचाही नाही आणि औरंगजेब आपल्या सर्व सामर्थ्यानिशी दख्खनेत उतरलेला. अशा वेळी स्वतःच्या मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्य चालविण्याची इच्छा कोणाही मातेला झाली असती, आणि तसा हक्कही येसूबाईंना होता. त्यांनी तसे केले नाही. दीर राजाराम महाराज वयात आलेले होते. त्यांना मंचकावर बसवावे, या मताच्या त्या होत्या. मार्चच्या अखेरीस इतिकादखानाने रायगडाला वेढा घातला, तेव्हा सर्वांनी एकाच गडावर कोंडून घेणे धोक्याचे आहे, राजाराम महाराजांनी बाहेर पडून लढा चालू ठेवावा आणि आपण मुलासह गड सांभाळावा, असा सल्ला त्यांनी दिल्याचे बखरी सांगतात. ५ एप्रिल १६८९ रोजी राजाराम महाराज गडावरून निघाले. येसूबाई मागे राहिल्या. पतीचा वध होऊन पुरता महिनाही झालेला नव्हता.

येथे ही कथा आपल्या बंगळूरला येऊन मिळते. आपण राहतो त्या मारतहळ्ळीच्या नावात नवागत मराठी माणसाला ‘मराठा’ हा शब्द ऐकू येतो आणि तो हरखून जातो. कोणी ते नाव शेजारच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ‘मारुत’ विमानाशी जोडतात. या व्युत्पत्तीच्या वादात आम्ही शिरत नाही, कारण या शहराशी मराठ्यांचा संबंध सिद्ध करण्यासाठी एखाद्या वस्तीच्या नावाचा आधार घेण्याची गरजच नाही. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांचा मुक्काम येथे पडला. पुढे व्यंकोजीराजांकडे असलेले हे ठाणे १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने घेतले आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. त्यामुळे दोनच वर्षांनी राजाराम महाराज जिंजीकडे जाताना येथे आले, ते आजोबांच्या जुन्या जहागिरीत आले असले तरी परक्या मुलखातूनच वाट काढीत होते.

वाटेत बेदनूरच्या राणी चन्नम्मांनी त्यांना साह्य केले आणि त्यासाठी मोगलांचा रोष पत्करला, ही गोष्ट कर्नाटकात अभिमानाने सांगितली जाते. बंगळूर येथील प्रसंग बखरीत असा आहे. मंडळी यात्रेकरूंच्या वेषात होती. एक सेवक राजाराम महाराजांचे पाय धुवीत असल्याचे कोणाच्या तरी दृष्टीस पडले आणि साध्या यात्रेकरूची एवढी सेवा कशी, असा संशय आला. महाराजांना गुपचूप पुढे काढण्यात आले आणि खंडो बल्लाळ व काही सोबती मागे राहिले. त्यांना पकडून मारहाण झाली, तरी ‘आम्ही रामेश्वरास निघालेले यात्रेकरू’ यापलीकडे त्यांनी अक्षर उच्चारले नाही. शेवटी सुटका होऊन ते महाराजांना जाऊन मिळाले.

हे खंडो बल्लाळ कोण? ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना संभाजी महाराजांच्या आज्ञेने १६८१ साली देहान्त शासन झाले, त्यांचे ते पुत्र. त्या प्रसंगी येसूबाईंनी पतीला खडे बोल सुनावले आणि चिटणिसांच्या मुलांना पाठीशी घातले, अशी परंपरा आहे. ही परंपरा सांगणारे बखरकार मल्हार रामराव हे त्याच चिटणीस घराण्यातले, तेव्हा तिच्यातील घराण्याचा अभिमान वजा करूनच ती स्वीकारली पाहिजे. तथापि एवढे खरे की, ज्याच्या बापाला राजाज्ञेने मारले, तो मुलगा राजघराण्यासाठी जीव धोक्यात घालावयास उभा राहिला. ही निष्ठा केवळ भीतीने किंवा वेतनाने निर्माण होत नाही. घरातील कोणा वडीलधाऱ्या माणसाने ती जपलेली असावी लागते.

ऑक्टोबर १६८९ च्या अखेरीस राजाराम महाराज वेलोरला पोहोचले आणि तेथून जिंजीच्या आश्रयास गेले. जवळजवळ त्याच दिवसांत, ३ नोव्हेंबर १६८९ रोजी, रायगड पडला. सात महिन्यांहून अधिक काळ वेढ्यात गुंतून पडलेली मोगल फौज त्या अवधीत राजाराम महाराजांच्या मागे जाऊ शकली नाही. येसूबाई, शाहू, शिवछत्रपतींच्या राणी सकवारबाई आणि राजपरिवारातील इतर माणसे बादशहाच्या छावणीत गेली. गड जिंकणाऱ्या इतिकादखानाला ‘झुल्फिकारखान’ ही पदवी मिळाली. इतिहासाची बहुतेक पुस्तके यानंतर जिंजीकडे वळतात आणि येसूबाई त्या पुस्तकांतून नाहीशा होतात.

या कैदेचे स्वरूप मात्र आपण नीट समजून घेतले पाहिजे. ही अंधारकोठडी नव्हती. बादशहाच्या खास तंबूंच्या आवारास ‘गुलालबार’ म्हणत. त्याच्या लगत या कुटुंबाची राहण्याची सोय होती. शाहूंना सात हजारी मनसब आणि ‘राजा’ हा किताब देण्यात आला. औरंगजेबाची कन्या झीनतउन्निसा हिने या कुटुंबाकडे मायेने पाहिले, असे इतिहासकार एकमुखाने सांगतात. आणि तरीही ती कैदच होती. जेथे छावणी जाईल तेथे जायचे. कृष्णाकाठी गलगली, भीमेकाठी ब्रह्मपुरी, मग साताऱ्याचा वेढा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा, पुढे कर्नाटकातील वाकिनखेडा आणि शेवटी अहमदनगर, अशी औरंगजेबाची ती अखेरची वर्षे गेली. सासऱ्यांनी बांधलेले आणि जिंकलेले गड एकेक करून पडत असल्याच्या वार्ता शत्रूच्याच तंबूत बसून ऐकावयाच्या, आणि काही दिवसांनी ते पुन्हा मराठ्यांनी घेतल्याच्या वार्ता ऐकताना चेहऱ्यावर आनंद दिसू द्यायचा नाही, असे ते जिणे होते.

या अठरा वर्षांत येसूबाईंनी काय केले? त्यांनी मुलगा वाढविला. एका वाक्यात मावणारे हे काम किती अवघड होते, याचा विचार करावा. ज्याने मुलाच्या बापाचा हाल हाल करून वध केला, त्याच्याच अन्नावर मुलगा वाढत होता. त्याला द्वेष शिकविला तर त्याचा जीव जाणार. कृतज्ञता शिकविली तर त्याचे मराठेपण जाणार. मधून मधून धर्मांतराचे सावटही येत असे. १७०३ साली शाहूंवरील असे संकट टाळण्यासाठी सेनापती प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी स्वतः मुसलमान होणे पत्करले, अशी हकीकत आहे. एवढ्या सर्वांतून जो तरुण बाहेर पडला तो धर्माने, भाषेने, वृत्तीने मराठा राहिलेला होता. आणि तरीही मोगलांच्या द्वेषाने आंधळा झालेला नव्हता. शाहू महाराजांच्या एकेचाळीस वर्षांच्या राजवटीत मराठी सत्ता साताऱ्यापासून माळवा-बुंदेलखंडापर्यंत पसरली. त्यांनी स्वतः फारशा लढाया मारल्या नाहीत. त्यांचे बळ माणसे ओळखण्यात, त्यांना सांभाळून घेण्यात आणि तुटेपर्यंत न ताणण्यात होते. हे शिक्षण त्यांना कोठे मिळाले असेल? आमच्या मते याचे उत्तर गुलालबाराच्या लगतच्या त्या तंबूत आहे.

१७०७ च्या आरंभी अहमदनगर येथे औरंगजेब मरण पावला. आझमशहा फौजेसह उत्तरेकडे निघाला. बंदिवान कुटुंबही बरोबर होते. भोपाळजवळ दोराहा येथे मे महिन्यात शाहूंना जाऊ देण्यात आले. यात मोगलांचा हिशेब सरळ होता. दक्षिणेत ताराबाई राज्य करीत होत्या. शाहू परतला की मराठ्यांत दुही माजेल. आणि शाहू आपल्या मुठीत राहावा म्हणून येसूबाई, संभाजी महाराजांचे दासीपुत्र मदनसिंग आणि कुटुंबातील इतरांना ओलीस म्हणून ठेवून घेण्यात आले. रायगडावर एकदा दिराला पुढे पाठवून त्या मागे राहिल्या होत्या. आता मुलाला पुढे पाठवून पुन्हा मागे राहिल्या.

यातील खरी वेदना राजकारणाच्या धबडग्यात झाकली जाते. १६८९ साली ज्या राजाराम महाराजांना येसूबाईंनी मुलाचा हक्क बाजूला ठेवून पुढे केले, त्यांचे १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर निधन झाले. त्यांच्यामागे ताराबाईंनी आपल्या लहान मुलाच्या नावाने सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. ताराबाईंची ती वर्षे मराठ्यांच्या इतिहासातील अत्यंत तेजस्वी वर्षांपैकी आहेत. आणि आता त्याच ताराबाई ‘परत आलेला शाहू खरा नव्हे’ असे म्हणत होत्या. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडजवळ दोन्ही पक्षांची लढाई झाली. शाहूंचा विजय झाला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला. दोन्ही जावांनी पतिनिधनानंतर आपापल्या परीने मोडलेले राज्य सावरले होते आणि दोघींची मुले आता एकमेकांसमोर उभी होती. आपला मुलगा छत्रपती झाला हे वर्तमान येसूबाईंना कळले असेल ते परमुलखातील कैदेत. त्यानंतरही अकरा वर्षे त्यांची सुटका झाली नाही.

ती झाली बाळाजी विश्वनाथांच्या मुत्सद्देगिरीने. १७१८ साली सय्यद हुसेन अलीशी जो तह ठरला त्यात स्वराज्य, दक्षिणेतील सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी यांच्याबरोबर छत्रपतींच्या मातोश्री व परिवाराची सुटका हे एक कलम होते. फर्रुखसियर बादशहाने तह मान्य केला नाही, तेव्हा सय्यदांबरोबर मराठी फौज दिल्लीस गेली. १७१९ च्या फेब्रुवारीत बादशहा पदच्युत झाला. त्या धामधुमीत संताजी भोसले यांच्यासह सुमारे दीड हजार मराठे दिल्लीच्या रस्त्यांत कापले गेले. मार्चमध्ये सनदा मिळाल्या आणि येसूबाई परतीच्या वाटेला लागल्या. दिल्लीच्या सनदांविषयी आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो, परीक्षेत लिहितो. त्या सनदांबरोबर एक वृद्ध स्त्री तीस वर्षांनी घरी आली, हे मात्र क्वचितच कोणी आपल्याला सांगितले असेल.

आणि ‘घर’ म्हणजे तरी काय? त्यांनी सोडले ते रायगड. परत आल्या ते साताऱ्यास. मुलगा कैदेतून गेला तेव्हा पंचविशीतला होता, आता सदतीस वर्षांचा राजा होता. ज्या प्रधानाने त्यांना सोडवून आणले तो त्यांच्या वेळच्या दरबारात कोणी नव्हता. ज्यांच्याशी सुखदुःख बोलावे अशी समवयस्क माणसे बहुतेक गेलेली होती. उरलेली दहा-अकरा वर्षे त्यांनी साताऱ्यास काढली आणि १७३० च्या सुमारास त्या वारल्या. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुली येथे, राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यांत येसूबाईंची समाधी असल्याचे अभ्यासकांनी अलीकडच्या काळात दाखवून दिले आहे. म्हणजे समाधी ओळखू येण्यासही जवळजवळ तीन शतके जावी लागली.

आता कादंबरीकडे वळू. संकटात सर्वस्व गमावलेली स्त्री पुन्हा आयुष्य कसे उभारते, हा जगभरच्या कादंबरीकारांचा आवडता विषय आहे. मार्गारेट मिचेल यांची १९३६ सालची ‘गॉन विथ द विंड’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. अमेरिकेतील यादवी युद्धात घर, शेती, मान सर्व गेलेली नायिका पुन्हा उभी राहते, ही तिची कथा. गुलामगिरीवर उभ्या असलेल्या समाजाचे तीत जे उदात्तीकरण झाले, ते आज कोणी मान्य करणार नाही. तथापि पराभवाच्या दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटते, हा प्रश्न तिने पुस्तकाच्या मध्यभागी आणला, हे खरे. आपल्याकडे तो प्रश्न मध्यभागी क्वचितच येतो. आपल्या नायिका सती जातात, किंवा हातात तलवार घेतात. ज्यांनी यांपैकी काहीच न करता केवळ तग धरला आणि तग धरता धरता पुढची पिढी घडविली, त्यांच्यासाठी आपल्या कादंबरीत जागा अपुरी पडते. अहल्याबाई होळकरांनी १७५४ मध्ये पती, १७६६ मध्ये सासरे आणि १७६७ मध्ये पुत्र गमावून त्यानंतर अठ्ठावीस वर्षे राज्य केले. त्यांची मंदिरे आणि घाट उभे आहेत म्हणून त्या आपल्या स्मरणात आहेत. येसूबाईंनी घाट बांधले नाहीत. त्यांनी जे बांधले ते दगडाचे नव्हते, म्हणून ते दाखविता येत नाही.

या विषयावर लिहिणाऱ्याला अडचणी आहेत, हे आम्ही जाणतो. लढाईचा दिनांक असतो, वेढ्याची हकीकत असते. कैदेतील एका मंगळवारची हकीकत कोणी लिहून ठेवीत नाही. साधने थोडी आणि मौन मोठे. परंतु कादंबरीकाराचे काम तेथेच तर सुरू होते. त्याने घटना बनवू नयेत. सनावळीशी प्रामाणिक राहून त्या तंबूतील दिवस उभे करावेत. तेथे कोणती भाषा बोलली जात असेल, मराठी सण कसे पाळले जात असतील, झीनतउन्निसेशी येसूबाईंचे बोलणे काय होत असेल, मुलाला आजोबांची गोष्ट कोणत्या आवाजात सांगितली जात असेल, हे एखाद्या समर्थ लेखणीने लिहिले तर मराठी ऐतिहासिक कादंबरीला एक नवी दिशा मिळेल. ही लेखणी एखाद्या लेखिकेची असावी, अशी आमची इच्छा आहे.

आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसांना आणि एकंदर परप्रांतात राहणाऱ्या सर्वांनाच ही कथा अधिक जवळची वाटावी, याचे कारण उघड आहे. आपले दूर राहणे सुखाचे आणि स्वेच्छेचे. येसूबाईंच्या बंदिवासाशी त्याची तुलना करणे हा अविनय होईल. परंतु परक्या वातावरणात मुलांची भाषा जिवंत ठेवणे आणि ते करताना भोवतालच्या माणसांशी वैर न धरणे, हे दुहेरी काम काय असते, ते आपल्या घरोघरच्या स्त्रियांना ठाऊक आहे. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्यात भाषणे आणि समारंभ यांची नोंद इतिवृत्तांत झालेली आहे. गणेशोत्सवाच्या आधी मुलांकडून मराठी उच्चार घोटून घेणाऱ्या, नाटकाच्या तालमीला सगळ्यांचा चहा करणाऱ्या, हळदीकुंकवाला शेजारच्या कन्नड भगिनींना आवर्जून बोलावणाऱ्या हातांची नोंद कोठेच नाही.

दरवर्षी शिवजयंतीला आपण शौर्याचे पोवाडे ऐकतो, संभाजी महाराजांच्या बलिदानाचे स्मरण करतो. ते केलेच पाहिजे. यापुढे त्याला एका गोष्टीची जोड द्यावी, अशी मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांस आमची विनंती आहे. मुलांना संभाजी महाराजांची गोष्ट सांगून झाली आणि एखाद्या मुलाने ‘मग त्यांच्या आईसाहेबांचं, म्हणजे शाहूंच्या आईचं, पुढे काय झालं?’ असे विचारले, तर त्याला देता येईल असे उत्तर आपल्यापाशी असावे. ते उत्तर तीस वर्षांचे आहे. सांगावयास एक संध्याकाळ पुरते.